इमरानचा मुलूख कोणता?

मुस्लिम मराठी लेखकाने लहानपणी काय वाचले, हा प्रश्न आपल्या चर्चासत्रांतून बहुतेक वेळा एकाच अंगाने विचारला जातो. शाळेत कोणते धडे होते, त्या धड्यांत आपला माणूस कसा दिसला, किंवा दिसलाच नाही, इथवर चर्चा येते आणि थांबते. प्रश्न महत्त्वाचा आहे यात वाद नाही. परंतु धडा परीक्षेपुरता वाचला जातो आणि उशीखाली लपवलेले पुस्तक चार-चार वेळा. या लपवलेल्या पुस्तकांविषयी आपण फारसे लिहीत नाही. ती 'अदब'मध्ये मोडत नाहीत असे आपल्या वडीलधाऱ्यांनी ठरवून टाकले आणि आपणही ते मुकाट्याने मानले. मला या लेखात अशा दोन मालिकांविषयी लिहायचे आहे. एक इब्ने सफी यांची 'इमरान सीरिज' आणि तिच्यासोबत तिची थोरली बहीण 'जासूसी दुनिया'. दुसरी भा. रा. भागवतांची 'फास्टर फेणे'. खरे तर मूळ पुस्तकांइतकेच, ती पुस्तके आवडलेल्या इतर लोकांनी त्यांचे पुढे काय केले, याविषयी लिहायचे आहे.

या प्रकाराला आता 'फॅन फिक्शन' असे नाव मिळाले आहे. दुसऱ्याने निर्माण केलेली पात्रे घ्यायची, त्यांची नवी गोष्ट रचायची आणि इंटरनेटवर टाकून द्यायची. पैसे मिळत नाहीत, परवानगी कोणी मागत नाही. उर्दू माध्यमाच्या माझ्या शाळेत नववी-दहावीच्या मुली फोनवर काय वाचतात याची चौकशी करता करता मी या गोष्टींपर्यंत पोहोचले. आणि पाहते तो काय, तिथे आमचा अली इमरान बसलेला! एम.एस्सी., पीएच.डी. (ऑक्सन) असलेला, चेहऱ्यावर बावळटपणा पांघरून फिरणारा, आणि पडद्याआड सीक्रेट सर्व्हिसचा प्रमुख 'एक्सटू' असलेला इमरान. त्याचा हुज्जतखोर स्वयंपाकी सुलेमान होता, जोसेफ होता, जूलिया होती. फक्त लिपी उर्दू नव्हती. 'मैं ने कहा था ना' हे सगळे रोमन अक्षरांत. अशा वीस-पंचवीस गोष्टी वाचून झाल्यावर मी हिंगणघाटहून मामूंची पेटी मागवली आणि मूळ पुस्तके पुन्हा वाचायला घेतली. नकलेकडून अस्सलाकडे असा हा उलटा प्रवास झाला. त्यामुळे काही गोष्टी अशा दिसल्या, ज्या बाराव्या वर्षी दिसणे शक्य नव्हते.

ज्यांनी ही पुस्तके वाचली नाहीत त्यांच्यासाठी थोडी माहिती द्यायला हवी. इब्ने सफी म्हणजे असरार अहमद. जन्म 1928, अलाहाबाद जिल्ह्यातील नारा या गावी. आधी ते शायर होते, 'असरार नारवी' या नावाने लिहीत. काही वर्षे अलाहाबादेत त्यांनी शाळेत शिकवले. (आमच्या पेशाच्या खात्यावर ही एक जमा नोंद समजावी.) उर्दूत खपते ते चावट लिखाणच, असे त्या वेळी बोलले जाई. त्याला उत्तर म्हणून त्यांनी स्वच्छ रहस्यकथा लिहायचे मनावर घेतले आणि मार्च 1952 मध्ये अब्बास हुसैनी यांच्या निकहत पब्लिकेशन्सने 'जासूसी दुनिया'चा पहिला अंक काढला, 'दिलेर मुजरिम'. त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले. पण हस्तलिखिते अलाहाबादेला येतच राहिली आणि एकच कादंबरी इकडे अलाहाबादेत व तिकडे कराचीत छापली जाऊ लागली. 1955 मध्ये 'खौफनाक इमारत'पासून इमरान सुरू झाला. 26 जुलै 1980 रोजी ते गेले तेव्हा दोन्ही मालिका मिळून जवळजवळ अडीचशे कादंबऱ्या झाल्या होत्या. मराठी वाचकाला कल्पना यावी म्हणून बाबूराव अर्नाळकरांचे नाव घेता येईल. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड ज्या अधीरतेने वाचले जात, त्याच अधीरतेने उर्दू घरांत कर्नल फरीदी, कॅप्टन हमीद आणि इमरान यांची वाट पाहिली जाई.

आता नकलेचा विषय. आपल्याकडे 'नक्कल' म्हटले की कपाळाला आठी पडते. पण इब्ने सफी स्वतः कुठून आले ते पाहावे. 'दिलेर मुजरिम'चे कथानक इंग्रज लेखक व्हिक्टर गन याच्याकडून घेतल्याचे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगून टाकले. त्याहून मोठे ऋण 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे आहे. लहानपणीच त्यांनी तिचे खंड वाचून काढले होते. आणि ही 'होशरुबा' तरी काय? अमीर हमजाची दास्तान फारसीतून आलेली, शतकानुशतके तोंडी चाललेली. लखनौच्या दास्तानगोंनी तिला एक भलेमोठे तिलिस्म जोडले. 1883 पासून मुहंमद हुसैन जाह आणि त्यांच्यानंतर अहमद हुसैन कमर यांनी ते नवलकिशोर प्रेससाठी कागदावर उतरवले. हे आम्ही फारसीतून घेतले आहे असा दावा करण्याची त्यांची रीत होती. प्रत्यक्षात अशी फारसी 'होशरुबा' कोठेच नाही. ती त्यांची आणि त्यांच्या उस्तादांची निर्मिती. म्हणजे दुसऱ्याची पात्रे घेऊन आपली नवी गोष्ट रचणे हा उद्योग आपल्याकडे हजारो पानांचा झाला आहे आणि त्याला आपण अभिजात म्हणतो. अमीर हमजाचा सोबती अमर अय्यार, ज्याच्या 'जंबील' नावाच्या झोळीत सारी दुनिया मावते, जो वेष पालटतो, वेड पांघरतो, पैशाला चिकट आहे आणि ऐन वेळी बाजी मारतो, तो कोट-पँट घालून विसाव्या शतकात आला की त्याचा अली इमरान होतो. हे नाते पुन्हा वाचताना इतके स्पष्ट दिसते की पूर्वी कसे दिसले नाही याचे नवल वाटते. शम्सुर्रहमान फारुकी यांच्यासारख्या मोठ्या समीक्षकाने आयुष्याची अनेक वर्षे दास्तानींच्या अभ्यासात घालवली, आणि 'जासूसी दुनिया'च्या चार कादंबऱ्या स्वतः इंग्रजीत आणल्या. त्या 2011 मध्ये चेन्नईहून निघाल्या. दास्तान आणि जासूसी यांच्यात आपण घातलेली भिंत त्यांना मान्य नसावी, असे मला यावरून वाटते.

इमरानच्या नकलांचे पहिले पीक आले ते 1960 नंतर. त्या वर्षी इब्ने सफी मानसिक आजाराने अंथरुणाला खिळले आणि तीन वर्षे काही लिहू शकले नाहीत. वाचक थांबायला तयार नव्हते आणि बाजार तर कधीच थांबत नाही. एन. सफी, नजमा सफी अशी, नावात कुठेतरी 'सफी' बसवलेली लेखकमंडळी उगवली. घाईत पुस्तक उचलणाऱ्या माणसाला मुखपृष्ठावर 'सफी' दिसले की पुरे. 1963 मध्ये 'डेढ मतवाले' घेऊन खरे इब्ने सफी परतले. भारतातील आवृत्तीचे प्रकाशन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाले आणि आठवड्याभरात दुसरी आवृत्ती काढावी लागली. त्यानंतर प्रत्येक पुस्तकाच्या आरंभी येणाऱ्या 'पेशरस' या छोट्या मनोगतातून त्यांनी या नकलाकारांना अधूनमधून चिमटे काढले. मामूंच्या पेटीतही दोन-तीन बनावट इमरान निघाले. वाचून पाहिले. पळापळी आहे, पिस्तुले आहेत, मुखवटे आहेत. विनोद मात्र नाही. असला तरी तो सांगून केलेला आहे: इमरानने मूर्खासारखा चेहरा केला, असे लेखक लिहितो आणि हसण्याचे काम वाचकावर टाकतो. इब्ने सफींचा इमरान मूर्खपणा करतो तेव्हा समोरच्याचा अहंकार उघडा पडतो. कॅप्टन फय्याजची अफसरी, वडील रहमानसाहेबांची शिस्त, श्रीमंतांच्या मेजवान्या, सगळ्यांची तो फजिती करतो. घरातून हाकललेला मुलगा आहे तो. त्याच्या बडबडीखाली एक एकटेपणा आहे आणि तो कुठेही बोलून दाखवलेला नाही. नकलाकाराला पिस्तूल उचलता आले, हे उचलता आले नाही.

मुलतानचे मजहर कलीम एम. ए. यांना मात्र मी या रांगेत बसवणार नाही. पेशाने वकील असलेल्या या गृहस्थांनी स्वतःच्या नावाने, उघडपणे, शेकड्यांनी इमरान लिहिले. 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. आजच्या मुलांना माहीत असलेला इमरान बऱ्याच अंशी त्यांचा आहे, कारण फोनवर स्कॅन होऊन फिरतात ती पुस्तके त्यांचीच अधिक. कथानक हलते ठेवण्याची त्यांची हातोटी नाकारता येत नाही. पण त्यांनी एक गोष्ट केली जिचा विचार आपण, म्हणजे वर्धा-यवतमाळ-अमरावतीच्या वाचकांनी, करायला हवा. त्यांनी इमरानच्या देशाला नाव दिले.

इब्ने सफींच्या पुस्तकांत हा देश बहुतेक निनावी असतो. एक राजधानी आहे, एक बंदर आहे, थंड हवेची ठिकाणे आहेत. बाहेरचे प्रदेश आले तर तेही मनाचे, शकराल किंवा झीरोलँड यांसारखे. शत्रू बहुधा एखादा वेडा शास्त्रज्ञ, नाही तर सगळ्या जगावर राज्य करू पाहणारी टोळी. याचे कारण साधे व्यवहाराचेही असू शकेल. पुस्तक एकाच वेळी अलाहाबादेत आणि कराचीत विकायचे होते. पण त्या व्यवहारातून एक विलक्षण गोष्ट घडली. फाळणीनंतर, 1965 आणि 1971 च्या लढायांच्या आगेमागेही, दोन देशांतली मुले एकच गोष्ट वाचत होती आणि दोघांनाही ती आपल्याच गावात घडते असे वाटत होते. मामूंच्या लेखी इमरानचा फ्लॅट नागपूरला सदर भागात होता. कुठली गल्ली तेही ते सांगत. लाहोरच्या कोणा मामूंच्या लेखी तो लाहोरला असेल. दोघेही बरोबर.

मजहर कलीम यांच्या पुस्तकांत हा देश 'पाकेशिया' झाला आणि शेजारचा शत्रुदेश 'काफरिस्तान'. काफरिस्तानची सीक्रेट सर्व्हिस, तिचा संतापी प्रमुख शागल, हे सगळे मुलतानच्या वाचकाला गंमतीचे वाटत असेल, आणि त्याला वाटू नये असे मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या गुप्तहेर चित्रपटांतही शेजाऱ्याचे चित्र काही प्रेमाने काढलेले नसते. पण आर्वीच्या किंवा देवळीच्या मुलाने हे पुस्तक उघडले की त्याची पंचाईत होते. नायक त्याच्या भाषेत बोलतो, त्याच्यासारखा सलाम करतो, आणि ज्यांच्याविरुद्ध लढतो त्यांच्या मुलखात हा मुलगा राहतो. नायकाच्या बाजूने राहायचे तर स्वतःच्या गावाच्या विरोधात उभे राहायचे, गावाच्या बाजूने राहायचे तर नायक हातचा गेला. दहावीतल्या एका मुलाने मला सांगितले की अशी पाने तो वगळून पुढे जातो. किती शहाणा तोडगा! आपल्या किती पिढ्यांनी कितीतरी पुस्तके अशीच, काही पाने वगळून, वाचली असतील.

याच्या उलट कात्री हिंदीत लागली. हिंदी आवृत्त्यांत कर्नल फरीदींचे 'कर्नल विनोद' झाले आणि इमरानचा 'राजेश'. हिंदी वाचकापर्यंत पोहोचण्यासाठी हे केले असणार आणि पुस्तके पोहोचलीही. पण बदल कोणाच्या नावात झाला ते पाहण्यासारखे आहे. फरीदींचा सहायक हमीद हा हमीदच राहिला, ढेरपोट्या भीमकाय कासिम कासिमच राहिला. म्हणजे मुसलमान सहायक चालत होता, खुशमस्कऱ्या मुसलमान चालत होता. साहेब मात्र विनोद असलेला बरा. यामागे कोणी दुष्ट हेतूने बसले होते असे मला वाटत नाही. हेतूची गरजच पडत नाही, इतका हा हिशेब अंगवळणी पडलेला असतो. 2009 च्या सुमारास हार्पर हिंदीने नीलाभ यांच्या संपादनाखाली या कादंबऱ्या पुन्हा काढल्या तेव्हा फरीदी फरीदी झाले, इमरान इमरान. ते आता खपेल असे प्रकाशकाला वाटले, ही बातमी आपल्या वार्तापत्रांतून जरा मोठ्या टाईपात यायला हवी होती.

एकीकडे 'काफरिस्तान', दुसरीकडे 'राजेश'. मधल्या जागेत जो वाचक उरतो तो आपण.

म्हणूनच या नव्या, फोनवरच्या गोष्टींकडे मी जरा आस्थेने पाहिले. त्या लिहिणारी मुले-मुली कुठली आहेत ते कळत नाही, टोपणनावे असतात. पण बहुतेकींना देशाशी काही देणेघेणे नाही असे दिसते. पाकेशिया, काफरिस्तान हे शब्द मागे पडले आहेत. गोष्ट घडते ती इमरानच्या फ्लॅटमध्ये. सुलेमानने मुगाची डाळ केली आहे, इमरान थकलेल्या पगाराबद्दल शब्दच्छल करतो आहे, बाहेर पाऊस आहे, जोसेफ दारात बसला आहे. कट नाही, खून नाही. मूळ पुस्तकांत जे दोन पानांपुरते यायचे आणि ज्याच्यासाठी आपण खरे तर थांबायचो, तेच या लेखिकांनी उचलून अख्खी गोष्ट केली आहे. माझ्या मते ही समीक्षाच आहे. शंभर पानांतून नेमके कोणते दान घ्यायचे हे ज्याला कळले त्याला पुस्तक कळले.

दुसरी गोष्ट जूलियाची. जूलियाना फिट्झवॉटर ही मूळची स्विस, सीक्रेट सर्व्हिसमधली हुशार अधिकारी. तिला एक्सटूच्या आवाजाची ओढ आहे, इमरानचा राग येतो आणि त्याच्यावर जीवही आहे. दोघे एकच हे तिला ठाऊक नाही. इब्ने सफींनी तिला वर्षानुवर्षे तिथेच उभे ठेवले. तिचा देश सुटला आहे, भाषा सुटली आहे, तिच्यासाठी मागे कोण आहे, हे प्रश्न त्यांना पडले नाहीत. मुलींना ते पडले आहेत. मी वाचलेल्या गोष्टींतली सर्वांत चांगली गोष्ट जूलियाच्या तोंडून आहे. ती आजारी पडून खोलीत एकटी आहे आणि लहानपणचे एक गाणे आठवण्याचा प्रयत्न करते आहे, शब्द आठवत नाहीत. भाषेत चुका आहेत, रोमन स्पेलिंग तर मनास येईल तसे. पण मूळ लेखकाने जिथे दार बंद ठेवले होते ते या अनाम लेखिकेने उघडले.

सगळ्याच गोष्टी अशा नाहीत, हे सांगितलेच पाहिजे. निम्म्याहून अधिक गोष्टींत इमरान गंभीर झाला आहे. श्रीमंत, कमी बोलणारा, रागावला की मनगट पकडणारा. हा इमरान नव्हे. हा रोमन उर्दूतल्या प्रेमकादंबऱ्यांतला आजचा ठरीव नवरा आहे, त्याला इमरानचे नाव दिले आहे इतकेच. मूळ इमरानचा सगळा गोडवा तो स्वतःला गंभीरपणे घेत नाही यात होता, आणि बाईसमोर मर्दुमकी दाखवणाऱ्या पुरुषाची तो टर उडवीत असे. सत्तर वर्षांनी त्याच्या चाहत्यांनी त्याला पुन्हा तसाच पुरुष करावा, हे मला खटकते. वर्गात मी ते बोलूनही दाखवते. मुली ऐकून घेतात आणि वाचायचे ते वाचतात.

मूळ पुस्तकांचे दोषही पुन्हा वाचताना लपत नाहीत. जोसेफ हे त्यांतले सर्वांत दुखरे. आफ्रिकेतून आलेला, अंगाने राक्षसी, सदा दारूत, भुताखेतांना भिणारा, इमरानला 'बॉस' म्हणून कुत्र्यासारखा इमानी. बाराव्या वर्षी मी त्याच्यावर खळखळून हसले असेन. आता त्या पानांवर हसू येत नाही. आपल्याविषयी कोणी असे साचे वापरले तर आपण सभा घेतो. आपल्या लाडक्या लेखकाने दुसऱ्याविषयी वापरले तर तेही म्हटले पाहिजे. उलट हमीदचा तो बकरा, त्याला माणसासारखा मिरवणे, कासिमची बोबडी तक्रारखोर बोली, हे सारे आजही जसेच्या तसे ताजे आहे. 'जमीन के बादल'मध्ये फरीदी आणि इमरान एकदाच एकत्र येतात. दोघांत वरचढ कोण, हा वाचकांचा जुना झगडा; लेखकाने तो मिटवला नाही, आणि मिटवला नाही हेच बरे केले. आज त्याच झगड्यावर रोज नव्या गोष्टी लिहिल्या जात आहेत.

मराठीच्या अंगणातही हे घडते आहे, फक्त वाट वेगळी आहे. शाळेत आम्हाला मराठी विषय होता आणि वाचनालयाच्या एका कपाटात फास्टर फेणे होता. बनेश फेणे. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला आलेला, काटकुळा, सायकलवर सुसाट सुटणारा, तोंडाने 'ट्टॉक्' करणारा. (फुरसुंगीचे नाव आता पुण्याचा कचरा टाकण्याच्या भांडणात अधिक ऐकू येते, हे भागवतांनी पाहिले असते तर फेणेला त्या कामावर नक्की पाठवले असते.) भा. रा. भागवत 1910 चे, 2001 मध्ये गेले. फेणेची वीस पुस्तके त्यांनी लिहिली. उर्दू माध्यमातल्या मुलीला हे पुस्तक जवळचे वाटण्याचे कारण भाषा होती. पाठ्यपुस्तकातली मराठी आम्हाला इस्त्री केल्यासारखी वाटे. फेण्याची मराठी धावत होती, धापा टाकत होती. मराठीत असे बोलता येते, हे मला तिथे कळले. त्यात आपले कोणी होते का, हा हिशेब मी तेव्हा केला नाही. सायकल आपली वाटली, तेवढे पुरले.

फेणे मोठा झाला 2017 मध्ये. आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटात अमेय वाघ फेणे झाला, आणि त्यात एक मजेदार करामत होती: खुद्द भा. रा. भागवत हे एक पात्र म्हणून आले, दिलीप प्रभावळकरांच्या रूपात. लेखक गेल्यावर चाहत्यांनी त्यालाच गोष्टीत ओढले. याला फॅन फिक्शनच म्हणायचे, फक्त निर्मात्याचे पैसे लागलेली. तो चित्रपट वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गैरव्यवहाराचा आहे, बराच काळोखा आहे. मूळ फेणेतला उजेड त्यात कमी झाला अशी तक्रार करता येईल. मला वाटते, ज्यांनी दहाव्या वर्षी फेणे वाचला त्यांनी तिशीत आपल्याच जगातली भीती त्याच्या हाती दिली आणि तू काही कर म्हणून सांगितले. हे करण्याचा त्यांना हक्क आहे. कायद्याने मात्र तो हक्क कोणालाही आपोआप मिळत नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे असतात, म्हणजे फेणेच्या बाबतीत 2061 अखेरपर्यंत. पैसे कमावणाऱ्यांसाठी हा कायदा असावा. वहीत लिहिणाऱ्या मुलांना त्याने आजवर अडवलेले नाही.

वहीचा विषय निघालाच आहे तर लिपीविषयी. 1942 मध्ये गांधीजींनी वर्ध्यात हिंदुस्तानी प्रचार सभा काढली, ती नागरी आणि उर्दू या दोन्ही लिपी सर्वांनी शिकाव्यात म्हणून. माझे विद्यार्थी या दोन्ही लिपी शिकतात, म्हणजे त्या जुन्या स्वप्नाचे चालतेबोलते पुरावेच म्हणायचे, आणि गोष्ट लिहायची वेळ आली की तिसरीच लिपी उचलतात. मी रागावत नाही. रोमन अक्षरांतली ही उर्दू कोणाला अशुद्ध वाटेल, पण आपली भाषा कोणी सक्ती न करता लिहिणारी ही मुले आहेत. तरीही एक नुकसान उघड आहे. 'सूरत' म्हणजे चेहरा की कुराणातली सूरा, उर्दू अक्षरात क्षणात कळते. रोमनमध्ये दोन्ही एका दावणीला. इब्ने सफींचे निम्मे विनोद अशा अक्षरांच्या फरकांवर उभे आहेत. ते मुलांच्या डोक्यावरून जातात.

म्हणून मागच्या सत्रात मी नववीला निबंधाऐवजी एक काम दिले: इमरान वर्धा जिल्ह्यात आला आहे, लिहा. लिपी उर्दू किंवा देवनागरी, कोणतीही, पण या दोनपैकी. आलेल्या वह्यांपैकी अर्ध्यांत इमरानने गुंडांना मारले आणि निघून गेला. त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. एका मुलाने त्याला सेवाग्रामच्या दवाखान्याच्या रांगेत उभे केले, चिठ्ठी काढण्यावरून क्लार्कशी त्याचा संवाद दीड पान चालला आहे आणि तो खरोखर इमरानचा संवाद आहे. एका मुलीने दोन्ही लिपी वापरल्या. इमरान बोलतो ते उर्दूत उजवीकडून डावीकडे, गावची माणसे बोलतात ते मराठीत डावीकडून उजवीकडे. तिचा इमरान पुलगावला उतरतो आणि आर्वीची छोटी गाडी कुठे लागते असे विचारतो. ती रेल्वे कधीच बंद पडली आहे. लोक हसतात. तो रुळांवरून पायी निघतो आणि त्याच्यामागे सायकलवरून एक काटकुळा मुलगा येतो. 'कुठे जायचंय काका?' म्हणून विचारतो आणि तोंडाने एक आवाज करतो. त्याचे नाव तिने लिहिलेले नाही. ओळखणाऱ्याने ओळखावे.

तपासताना मला अडचण आली ती एवढीच, की ही वही उर्दूच्या गुणांत धरायची की मराठीच्या. दोन्ही रकाने अजून रिकामे आहेत. परवा तिने दुसरा भाग आणून दिला. त्यात दोघे रोहण्यापर्यंत पोहोचले आहेत आणि सायकल पंक्चर झाली आहे.